खापर नेहमी नेटवर्कवरच

पत्र: ताई, मी २३ वर्षांची, राहायला विटाव्याला. बी.एस्सी. आयटी झालं आहे. सध्या ठाण्यातल्या एका शाळेत कम्प्युटर लॅब असिस्टंट आहे. चाळीस मशीन, एक स्विच (सगळी मशीन एकमेकांना जोडणारा डबा) आणि एक राउटर माझ्या ताब्यात. मला नेटवर्क ॲडमिन व्हायचंय. महापेच्या एका कंपनीत रेसिडेंट इंजिनीअरची ऑफर आलीय, पण पे-रोल थर्ड पार्टीचा (म्हणजे पगार मधली एजन्सी देणार), हातात १७ हजार आणि तीन शिफ्ट. दुसरीकडे ठाणे स्टेशनजवळचा एक क्लास ९० हजारांत ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणतो. तिथे २ हजार टोकन भरून आले आहे. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, नेटवर्किंग संपलं, सगळं क्लाउडवर गेलं. आईला रात्रपाळी नको. बाबा टीटीसीत (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत) फिटर होते. ते म्हणतात, तुझं तू ठरव. शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, इंग्रजी बोलताना अडखळते. ऑफरला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. काय करू?
— स., विटावा

प्रिय स.,

नोकरी घे. क्लासचे ९० हजार भरू नकोस. रात्रपाळीला सरसकट नाही म्हणू नकोस, पण घरापासूनची ने-आण लेखी मिळाल्याशिवाय हो पण म्हणू नकोस. शुक्रवार तोंडावर आलाय म्हणून निकाल आधी सांगून टाकला. कारणं आता सावकाश वाच.

तुला जे काम करायचंय त्यात निम्मा वेळ खापर डोक्यावर घेण्यात जातो. इमारतीत काहीही अडलं की लोक एकच वाक्य बोलतात, ‘नेटवर्क स्लो आहे.’ सर्व्हरची डिस्क भरली, नेटवर्क स्लो. एखाद्याच्या मशीनवर अँटिव्हायरसचा स्कॅन चालू आहे, नेटवर्क स्लो. बँकेची साइट बँकेनेच बंद ठेवलीय, तरी फोन तुलाच. यावर चिडून उपयोग नाही. राउटर चालू ठेवणारे पुष्कळ भेटतात. दोष नेमका कुठे आहे आणि कुठे नाही हे पुराव्यानिशी दाखवू शकणारे मोजकेच, आणि पगारही त्यांचेच वाढतात. तुझी सगळी तयारी या एका गोष्टीसाठी व्हायला हवी.

याचं शिक्षण तुझ्या घरातच आहे. बाबांना विचार, पंप चालत नाही असा निरोप आल्यावर ते आधी काय करायचे. पाना घेऊन पंप उघडायला नक्की बसत नसतील. आधी फेज येतेय का, मग स्टार्टर, मग मोटर, मग कपलिंग, आणि सगळ्यात शेवटी पंप. जे ठीक आहे ते एकेक करून बाजूला काढत जायचं. कॉलेजात ओएसआयचे (नेटवर्कचं काम थरांत मांडून दाखवणारा नमुना) सात थर पाठ करून घेतात, पण ते थर म्हणजे हीच तपासायची चाल आहे हे सांगायचं राहून जातं.

समज, सकाळी दहाला अकाउंट्समधून फोन आला, ‘काहीच उघडत नाहीये.’ नवखा माणूस उठून राउटर रीस्टार्ट करतो आणि जे चालू होतं तेही बंद पाडतो. तू आधी विचारायचंस: काहीच म्हणजे काय, तुमचंच की शेजारच्यांचंही, आणि कधीपासून? मग पोर्टवरचा दिवा. दिवा नसेल तर पॅच कॉर्ड, भिंतीतला आयओ पॉइंट, आतली केबल, स्विचचा पोर्ट, या क्रमाने. दिवा असेल तर आयपीकॉन्फिग, म्हणजे मशीनचा आयपी पत्ता दाखवणारी कमांड. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनने डीएचसीपीकडे (पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, आणि विंडोजने आपल्याच मनाने एक लावून घेतला. पत्ता ठीक असेल तर गेटवेला (बाहेर जायचं दार, बहुधा राउटरच) पिंग, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक. गेटवे बोलतोय, बाहेरचा एखादा आयपीही बोलतोय, पण साइट नावाने उघडत नाही? डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा) बघ. नावाचा आयपी मिळतोय पण एकच ॲप्लिकेशन अडतंय? मग पोर्ट आणि फायरवॉलचा लॉग. आणि पिंगला उत्तर आलं नाही म्हणून पलीकडचं यंत्र मेलं असं धरून चालू नकोस. कित्येक फायरवॉल पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत.

मी होते त्या एका ऑफिसात एका दुपारी निम्म्या मजल्याचं नेटवर्क बसलं आणि उरलेला निम्मा मजेत काम करत होता. सर्व्हरवाले सर्व्हर तपासतायत, आयएसपीला (इंटरनेट पुरवणारी कंपनी) फोन चाललेत. एका पोराने बंद पडलेल्या मशीनचा पत्ता वाचून दाखवला: १९२.१६८.० चा. ऑफिसची सगळी रेंज १० ने सुरू होणारी. तिथेच सगळं उलगडलं. मार्केटिंगच्या एका साहेबांनी वायफाय नीट मिळत नाही म्हणून घरचा राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावला होता, तोही लॅन पोर्टाने, आणि तो राउटर मजलाभर विचारेल त्याला पत्ते वाटत सुटला होता. ज्यांना खऱ्या सर्व्हरचं उत्तर आधी मिळालं ते वाचले, बाकीचे अडकले. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू असतं तर हे झालंच नसतं. पत्ते वाटायची परवानगी कोणत्या पोर्टाला, हे त्यात बांधून देता येतं.

दुसरा नेहमीचा प्रकार कॉन्फरन्स रूमचा. टेबलाखाली लोंबणारं पॅच कॉर्डचं टोक कुणीतरी नीटनेटकेपणाच्या भरात शेजारच्या पॉइंटमध्ये खुपसतं. झाला लूप. ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून गेलेला संदेश) फिरत राहतो, वाढत राहतो, स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागतात आणि मजला आडवा होतो. यावरचा इलाज रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना काढला, तो स्पॅनिंग ट्री: लूप करणारा पोर्ट स्विच आपणच ब्लॉक करून ठेवतो. परीक्षेला आठ मार्कांसाठी लिहिला असशील. आता पॅकेट ट्रेसरमध्ये (स्क्रीनवर नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर) तीन स्विच त्रिकोणात जोड, कोणता पोर्ट ब्लॉक होतो ते आधी कागदावर लिही आणि मगच स्क्रीन बघ. अंदाज चुकला तर का चुकला ते शोध. पर्लमनबाई त्यानंतर विसरायच्या नाहीत.

आता तयारीचं. सुरुवात केबलपासून, कारण बी.एस्सी. आयटी झालेली निम्मी मुलं इथे नाक मुरडतात. क्रिंपिंग टूल घे, थोडी कॅट सिक्स केबल घे, आणि टी५६८बी चा क्रम हाताला बसू दे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना का फोडलीय? कारण तीन आणि सहा नंबरच्या पिनांवर एकाच जोडीच्या तारा हव्यात. पुष्कळ वायरमन ‘दोन्ही टोकांना सारखं केलं की झालं’ म्हणून नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने बसवतात. साधा टेस्टर आठही दिवे लावून पास म्हणतो. पण तीन आणि सहावर दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा आलेल्या असतात, पीळ वाया जातो, आणि केबल लांब असली की एररचे आकडे चढत जातात. लोक म्हणतात नेटवर्क स्लो, आणि या वेळी ते खरं असतं. हे पकडायचं तर स्विचवर त्या पोर्टाचे सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाचे आकडे) वाचता यायला हवेत. केबलची कमाल लांबी १०० मीटर, त्यातले ९० मीटर भिंतीतले आणि १० दोन्हीकडच्या पॅच कॉर्डचे, हेही लक्षात ठेव. टीटीसीतल्या जुन्या लांबलचक शेडमध्ये ही मर्यादा हटकून ओलांडलेली सापडते.

मग सबनेटिंग (पत्त्यांचे गट पाडणं), आणि ते हाताने, कॅल्क्युलेटर न घेता. १०.२०.३०.६४, स्लॅश २६ (पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २६ नेटवर्कचे). ब्लॉक ६४ चा, म्हणजे नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट १२७, वापरायला ६५ ते १२६, एकूण ६२ पत्ते. आता कुणी प्रिंटरला १०.२०.३०.१३० दिला, मास्क (तो स्लॅश २६) तोच ठेवला आणि गेटवे ६५ चा, तर प्रिंटर का बोलत नाही? तिसऱ्या सेकंदाला उत्तर यायला हवं. ऑफिसात १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हेच पत्ते सगळीकडे का दिसतात, ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात आहे. मूळ कागद छोटा आहे, वाच. मराठी माध्यमाच्या मुलीला तो झेपणार नाही असं कुणी म्हटलं तर त्याने तो स्वतः वाचलेला नाही असं समज.

मावसभावाचं म्हणणं इथेच घेऊन टाकू. क्लाउड आकाशात नसतो. ट्रान्स-हार्बर लोकलने तू दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली करत जाशील ना, त्याच पट्ट्यात आणि महापेला, खाली पनवेलपर्यंत, डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. समुद्राखालच्या केबल मुंबईला किनाऱ्यावर येतात आणि टीटीसीकडे औद्योगिक जमीन आणि वीज आहे, म्हणून त्या इथे आल्या. आत काय आहे? रॅक, स्विच, फायबर, आणि तेच सबनेट. तू वर काढलेला स्लॅश २६ एडब्ल्यूएसमध्ये (ॲमेझॉनचा क्लाउड) लावलास तर ६२ ऐवजी ५९ पत्ते मिळतील, कारण प्रत्येक सबनेटमागे पाच पत्ते ते स्वतःकडे ठेवतात. रूट टेबल आहे, फायरवॉलचे नियम आहेत, व्हीपीएन आहे. मावसभाऊ एका बाबतीत मात्र बरोबर आहे: नुसतं एकेका स्विचवर जाऊन हाताने कमांड मारण्याचं काम आटतंय. पन्नास स्विचचा बॅकअप रोज घ्यायचा असेल तर ते पायथॉनच्या चार ओळींचं काम आहे, माणसाचं नाही. सीसीएनएतही (नेटवर्क-यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची परीक्षा) १० टक्के भाग ऑटोमेशनचा आहे. तेव्हा पायथॉन सोडू नकोस. आणि एआय कॉन्फिग लिहून देतो, झकास देतो. तिसऱ्या मजल्याच्या रॅकमधली कोणती केबल कुठे जाते ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

क्लासबद्दल कडवट बोलायचं नव्हतं, पण बोलते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणजे कुठे, हे त्यांना विचारलंस का? यातल्या बहुतेक क्लासची प्लेसमेंट थर्ड पार्टी पे-रोलवरच्या एल वनच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या सपोर्टच्या जागेतच होते. म्हणजे जी नोकरी तुझ्या हातात आज फुकट आहे, तीच ते तुला सहा महिन्यांनी ९० हजारांत देणार. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीवर पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो, सोबत शिकवणीही. वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा उघडून दाखवणारं) फुकट. जीएनएसथ्री (राउटर-स्विचची नक्कल चालवणारं) फुकट. पैसे खर्च करायचेच असतील तर लॅपटॉपची रॅम वाढव, एक कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडायची) घे, आणि एखाद्या दिवशी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जुना मॅनेज्ड स्विच बघ. चालू करून, कन्सोल लावून, ९६०० च्या स्पीडला प्रॉम्प्ट येतोय हे बघितल्याशिवाय पैसे काढू नकोस. आवाज जेट विमानासारखा करेल, आईला आधीच सांगून ठेव.

सीसीएनए करायचीच, पण लगेच नको. सध्याची परीक्षा २००-३०१ या नंबरची आहे. २४ फेब्रुवारी २०२० पासून आधीच्या वेगवेगळ्या सीसीएनए बंद करून ही एकच ठेवली. फी ३०० डॉलर आणि वर कर, वेळ १२० मिनिटं, प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. बसायला कोणतीही पूर्वअट नाही. नोकरीत सहा-आठ महिने काढलेस की निम्मा अभ्यास रॅकसमोर झालेला असेल, मग फी भर. डम्प (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) पाठ करून पास होणारे पुष्कळ आहेत. मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून एंटर दाबलंस, पुढे काय काय होतं ते सांग. डम्पवाला तिसऱ्या वाक्याला थांबतो. ज्याने वायरशार्कमध्ये डीएनएसचा प्रश्न जाताना, मग टीसीपीचे तीन हात मिळताना आणि मग टीएलएस (कुलूपबंद बोलणं) सुरू होताना डोळ्यांनी पाहिलंय तो थांबतच नाही, त्याला थांबवावं लागतं.

आता इंग्रजी. या कामात बोलायचं इंग्रजी फार थोडं लागतं, लिहायचं लागतं, आणि ते पाच-पन्नास वाक्यांत फिरतं. एल वनचं टिकट (तक्रारीची नोंद) बघ: ‘इंटरनेट इश्यू. रिझॉल्व्ड.’ इंग्रजी अचूक, उपयोग शून्य. त्याऐवजी कुणाला, कधीपासून, काय दिसलं, मी काय तपासलं, काय बदललं आणि त्यानंतर काय दिसलं, एवढं तोडक्यामोडक्या वाक्यांत लिहिलंस तरी एल टूवाला तुझं नाव लक्षात ठेवेल. हीच वाक्यं मुलाखतीत बोलायची असतात. मुलाखत घेणारे या पट्ट्यात निम्मे मराठी बोलणारेच असतात म्हणा, पण त्या भरवशावर राहू नकोस.

खरी कसोटी आयएसपीशी बोलताना लागते. पावसाळ्याआधी रस्ते खोदायला घेतात, जेसीबी फायबर तोडतो, तुझी लिंक डाउन, आणि पलीकडचा मुलगा शांतपणे सांगतो, ‘मॅम, आमच्या साइडने क्लिअर आहे.’ तेव्हा आवाज चढवून काही होत नाही. अमुक वाजल्यापासून लिंक डाउन आहे, आमच्या पोर्टावर लाइट येत नाही, दुसरी एसएफपी (फायबर जोडायचा तुकडा) लावून पाहिली, तक्रारीचा डॉकेट नंबर द्या, इतकं म्हणता आलं की तो टाळू शकत नाही. आणि नोकरीत जरा मुरल्यावर एक प्रश्न साहेबांना विचार: आपल्या दोन आयएसपींच्या फायबर इमारतीत एकाच डक्टमधून येतात का? दोन बिलं भरून एकाच खड्ड्यात तुटणाऱ्या दोन लिंक ठेवलेली ऑफिसं मी बरीच पाहिलीत.

टिकटात वेळ अचूक लिही. तो माझा छांदिष्टपणा नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली ठेवावी लागतात. फायरवॉलचं घड्याळ सात मिनिटं पुढे आणि सर्व्हरचं चार मिनिटं मागे असेल तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हे कुणालाच सांगता येत नाही. नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात काही विचारायचंच असेल तर एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) कुठून घेता, हे विचार. साहेब चमकून बघेल.

आईची रात्रपाळीची काळजी खरी आहे, आणि तरी तुझ्या कामातली महत्त्वाची गोष्ट रात्रीच घडते. दिवसा लोक काम करत असतात, म्हणून स्विच बदलणं, फर्मवेअर चढवणं, राउटिंग हलवणं, सगळे चेंज रात्रीच्या ठरवून दिलेल्या वेळेत, ‘विंडो’त होतात. मोठ्या पगाराचा इंजिनीअर बेंगळुरूत किंवा घरी बसून रिमोटने कमांड मारतो. रॅकसमोर कन्सोल केबल घेऊन उभा असतो तो रेसिडेंट इंजिनीअर, म्हणजे तू. त्याचा कॉल चालू असताना कान उघडे ठेव, कमांड वहीत उतरवून घे. ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणारा पोर्ट) नवी व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क, घालताना ‘ॲड’ लिहायला विसरला की जुन्या सगळ्या व्हीलॅनची यादी पुसली जाते आणि मजला अंधारात जातो, हे पुस्तकातही आहे. पण त्या रात्री फोनवर जी शांतता पसरते ती ऐकलेला माणूस ‘ॲड’ कधी विसरत नाही. जुने खोड इंजिनीअर रिमोटने काही धोक्याचं करण्याआधी ‘दहा मिनिटांनी रीलोड हो’ असं यंत्राला सांगून ठेवतात. सगळं नीट झालं तर रीलोड रद्द. आपणच बाहेर फेकले गेलो तर यंत्र स्वतः उठून जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर येतं.

रॅकसमोरच्या माणसाची किंमत केवढी, हे ४ ऑक्टोबर २०२१ ला साऱ्या जगाने पाहिलं. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप एकदम बंद पडलं, ते जवळजवळ सहा तास. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारा कणाच तुटला. डीएनएस सर्व्हरांनी आपल्या बीजीपीच्या वाटा (आपल्यापर्यंत कसं यायचं ते जगाला सांगणाऱ्या) मागे घेतल्या, आणि आतली दुरुस्तीची हत्यारंही त्याच नेटवर्कवर होती. शेवटी माणसांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं.

आता आईला दाखवायचा भाग. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामाला लावायचं तर तिची संमती लागते, आणि तिची सुरक्षितता, कामाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंतची गाडी ही मालकाची जबाबदारी आहे. तेव्हा ‘कॅब असते मॅडम’ हे एचआरचं फोनवरचं वाक्य पुरेसं नाही, मेलवर हवं. कंपनी म्हणेल ते पे-रोलवाल्यांना विचारा, पे-रोलवाले म्हणतील कंपनीला विचारा. दोघांनाही एकाच मेलमध्ये ठेव. गाडी नाही असं उत्तर आलं तर दोनच शिफ्ट माग. तेही नाही म्हणाले तर ही ऑफर सोड, दुसरी मिळेल, या पट्ट्यात अशा जागा सतत निघतात. आणि फिरत्या शिफ्टमध्ये दीड-दोन वर्षांपेक्षा जास्त राहू नकोस. झोपेची वाट लागली की अभ्यास होत नाही आणि मग माणूस एल वनमध्येच म्हातारा होतो. असे बरेच आहेत, चांगल्या डोक्याचे.

थर्ड पार्टीला घाबरायचं कारण नाही, डोळे मात्र उघडे ठेव. पीएफ कापतात का, ईएसआय आहे का, नोटीस किती, बाँड आहे का. मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात द्यायची नाही, ‘फक्त व्हेरिफिकेशनसाठी’ म्हटलं तरी नाही.

शाळेतली नोकरी सोडायच्या आधी मुख्याध्यापकांना विचारून एक काम करून जा. चाळीस मशीन म्हणजे चांगलं नेटवर्क आहे, तू त्याला उगाच कमी लेखतेस. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना लेबल लाव. कोणतं मशीन, कोणता पोर्ट, कोणता आयपी, कोणता मॅक (यंत्राचा स्वतःचा नंबर), याची एक शीट कर. राउटरच्या सेटिंगचा बॅकअप घे. एका पानावर नकाशा काढ. पासवर्ड आणि खरे पत्ते झाकून त्याच धाटणीचा एक नमुना मुलाखतीला घेऊन जात जा; फ्रेशर असं काही घेऊन येत नाही. वायरशार्क मात्र तिथे परवानगीशिवाय लावू नकोस, नव्या कंपनीत तर मुळीच नाही. दुसऱ्याच्या नेटवर्कवर न विचारता केलेल्या उद्योगांसाठी आयटी कायद्यात कलम ४३ आणि ६६ आहेत, आणि ‘मी शिकत होते’ हा बचाव तिथे चालत नाही.

राहिले क्लासचे २ हजार. पावती काढून बघ. परत मिळणार नाहीत असं छापलेलं असेल तर ते गेले, त्यांच्या मागोमाग ८८ हजार पाठवू नकोस. तसं छापलेलं नसेल तर आजच मेल करून माग, फोनवर नको. आणि महापेच्या मेलला गुरुवार दुपारच्या आत उत्तर दे: ऑफर मान्य, मात्र रात्रपाळीची गाडी आणि पीएफ-ईएसआय या दोन गोष्टी लेखी हव्यात. म्हणजे शुक्रवारी त्यांना उत्तर द्यायला अख्खा दिवस मिळतो.